अमृताचं कौतुक पुरे, रात्रपाळीला एक सिस्टर द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत स्तनपान सप्ताहाचं पान आलं. दरवर्षी येतं. गुलाबी चौकट, मध्ये हसरी आई, शेजारी ‘आईचे दूध म्हणजे अमृत’ आणि खाली कुठल्याशा कार्यक्रमात दीपप्रज्वलन करणारे पाहुणे. १ ते ७ ऑगस्ट हा आठवडा १९९२ पासून जगभर पाळतात. म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ आपण बायांना तीच एक गोष्ट सांगतोय. मला दोन लेकरं आहेत, दोन्ही नागपुरातच झाली. आईचं दूध चांगलं असतं हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. रात्री अडीच वाजता टाके ओढतायत, बाळ किंचाळतंय, तेव्हा त्याला अंगावर घ्यायचं कसं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या पानातही त्यावर एक ओळ नव्हती. म्हणून हे पत्र.

मोठ्या मुलीच्या वेळी मी एका खासगी नर्सिंग होममध्ये होते. नाव लिहीत नाही, कारण असं एकच नाही. सिझर झालं. मला खोलीत आणलं, बाळ दुसरीकडे ठेवलं. ‘तुम्ही आराम करा, टाके ओले आहेत.’ पोर हातात आली तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि तोवर तिचं पोट वरच्या दुधानं भरलेलं होतं. भरल्या पोटी बाळ ओढेल कशाला? ती झोपली. मग मावशी, आत्या, शेजारच्या खोलीतल्या बाईची आई, सगळ्यांनी माझी छाती दाबून पाहिली (त्या दिवसांत बाळंतिणीची छाती ही सार्वजनिक मालमत्ता असते) आणि निकाल लागला: हिला दूधच नाही उतरलं. एकीनं लगेच कारणही दिलं, ‘सिझरच्या बायांले नसतेच.’

आता मला कळतं की त्यात नवल काहीच नव्हतं. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, पिवळसर, घट्ट आणि थोडा. तेवढाच लागतो. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी जेमतेम पाच-सात मिलिलीटर पितं, चहाचा एक चमचा भरेल इतकंच. भरपूर दूध उतरतं ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सिझरमध्ये कधी थोडं उशिरा. आणि ते उतरतं बाळाच्या ओढण्यानं. जितकं ओढेल तितकं पुढचं तयार होतं. रात्रीचं ओढणं तर फारच कामाचं, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं. आमच्याकडे नेमकं रात्रीच बाळ ‘आईला झोपू द्या’ म्हणून नेत आणि बाटली देऊन आणत.

सुटी झाली तेव्हा कार्डावर गोळ्यांच्या खाली पावडरीचं नाव लिहिलेलं होतं. ‘खालच्या दुकानात मिळेल.’ मिळाली. त्या डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र नसतं, कधी पाहिलंय का? १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक केला. पावडरीची जाहिरात करायची नाही, आयांना फुकट नमुने वाटायचे नाहीत, डब्यावर बाळाचं चित्र छापायचं नाही, उलट आईचं दूधच सर्वोत्तम असं ठळक छापायचं. डब्यावर ते छापलेलंही होतं. पण डॉक्टरांच्या कार्डावर लिहून आलेल्या डब्यावरचा इशारा कोण वाचतं?

चौथ्या दिवशी घरी दूध उतरलं. छाती कडक, अंगात ताप, आणि पोरगी बाटलीच्या सुटसुटीत धारेला सरावलेली. ती लावली की रडायची, मला स्तनाग्रांच्या चिरांतून रक्त यायचं. दुसरा महिना लागेपर्यंत सगळं वरच्या दुधावर गेलं.

धाकट्याच्या वेळी खासगीचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून सरकारी दवाखान्यात नाव घातलं. नातेवाइकांनी नाकं मुरडली. दिवस मे महिन्याचे, नवतपा सुरू, वॉर्डातले पंखे गरम हवाच फिरवत होते. कूलर होता, पण त्यात पाणी भरायचं काम पेशंटच्या माणसांचं. संडासांबद्दल लिहायचं तर वेगळं पत्र लागेल. पुन्हा सिझरच झालं. पण या वेळी माझे टाके घालणं चालू असतानाच एका सिस्टरनं बाळ पुसून माझ्या छातीवर आडवं ठेवलं. कमरेखालचं मला काही कळत नव्हतं. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हातानं मी त्याची पाठ धरली. आधी त्यानं नुसतं चाटलं. मग बराच वेळ तोंड इकडेतिकडे फिरवत राहिला. मग धरलं. सिस्टर शेजारी उभ्या राहून दुसऱ्या कुणाशी ड्यूटीच्या अदलाबदलीबद्दल बोलत होत्या, एक हात बाळाच्या डोक्यामागे. त्यांना त्यात विशेष काही वाटत नव्हतं, रोजचंच.

‘सिझरच्या बायांले नसतेच’ हे तिथेच, टेबलावर निकालात निघालं.

रात्रपाळीला भंडाऱ्याकडच्या एक सिस्टर होत्या, निवृत्तीला आलेल्या. आवाज असा की एकीला रागावल्या तर सगळा वॉर्ड जागा. मी बाळाकडे वाकून त्याच्या तोंडात द्यायची धडपड करत होते. त्या आल्या, माझ्या पाठीमागे उशी कोंबली आणि म्हणाल्या, ‘अवो ताई, तुमी पोराकडं वाकू नका, पोराले तुमच्याकडं आना. अन् नुसतं टोक देसान तं चिरा पडतीन. थांबा. तोंड उघडू द्या. अजून. अजून. हं, आता!’

त्या ‘आता’मध्ये सगळी विद्या होती. तुमच्या वाचकांसाठी लिहून ठेवते. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं हवं. कान, खांदा, कंबर एका रेषेत, मान वळलेली नको. स्तनाग्र बाळाच्या नाकासमोर धरायचं, वरच्या ओठाला टेकवायचं आणि थांबायचं. जांभईला उघडतं तेवढं तोंड उघडलं की बाळालाच पटकन जवळ घ्यायचं. पकड बरोबर बसली की हनुवटी छातीत रुतते, खालचा ओठ बाहेर वळतो, आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरून जास्त दिसतो, खालून कमी. आधी भराभर ओढतं, मग लय संथ होते आणि घोट गिळल्याचं ऐकू येतं. नुसते चुटचुट आवाज येत असतील, किंवा पहिल्या काही ओढींनंतरही दुखत राहिलं, तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. ओढून काढायचं नाही. सिझर झालेलीनं बाळाला काखेतून धरावं, त्याचे पाय आपल्या पाठीकडे, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही. या काखेतल्या पद्धतीचं मला पहिल्या वेळी कुणी नावसुद्धा घेतलं नव्हतं.

माझ्या शेजारच्या खाटेवर उमरेडकडची एक पोरगी होती, विशीतली. तिचं बाळ कमी वजनाचं, ओढायला ताकद नाही. सासू बाहेरून पावडर आणायला निघाली होती. सिस्टरांनी तिला दारातच अडवलं, स्टीलची वाटी उकळून आणायला लावली आणि त्या पोरीला हातानं चीक काढायला बसवलं. अंगठा आणि बोट काळ्या भागाच्या कडेला ठेवायचं, आधी मागे छातीच्या पिंजऱ्याकडे दाबायचं, मग दोन्ही एकत्र आणायचं, कातडीवरून घासायचं नाही. पंधरा-वीस वेळा काहीच नाही. सासू तोंडानं ‘च्च’ करतेय. मग एक थेंब आला, मधासारख्या रंगाचा, वाटीच्या कडेलाच चिकटला. सिस्टरांनी तो बोटावर घेऊन बाळाच्या ओठाला लावला. नंतर वाटीच्या तळाशी जेमतेम दिसेल इतका जमला, तो चमच्यानं पाजला. सासूनं पावडरीचे पैसे पदराला परत बांधले.

या सगळ्याला पैसा किती लागला? एक उशी, एक वाटी आणि काम येणारं एक माणूस.

मी नागपुरातल्या महाल भागातल्या एका पतसंस्थेत रोखपाल आहे, आकडे दिसले की ताळा करून पाहायची खोड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं नोंदलंय. त्याच सर्वेक्षणात जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घेतलेली बाळं ४१.८ टक्के. हा ताळा जुळतच नाही. आपण दरवेळी दोष देतो तो अडाणी सासूला, जुन्या समजुतींना. पण बहुतेकींचा तो पहिला तास घरात जातच नाही. सासू तेव्हा दाराबाहेर बाकड्यावर बसलेली असते. तो तास डॉक्टरांच्या आणि सिस्टरांच्या हातात असतो. खासगी दवाखान्यांत सिझरचं प्रमाण ४७.४ टक्के, सरकारीत १४.३. सिझर हे कारण पुढे करायचं, तर ते टेबलावर कसं मोडता येतं हे मी वर लिहिलंच आहे. जागतिक आरोग्य संघटना तासाभरात पाजा, सहा महिने फक्त आईचं दूध द्या, पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं आणि त्यानंतरही चालू ठेवा असं सांगते. सहा महिने आणि दोन वर्षं आईच्या हातात असतील, पण पहिला तास तिच्या हातात नसतो. तेव्हा पोस्टर आईसमोर लावण्यात काय अर्थ आहे? ऑपरेशन थिएटरच्या आत लावा.

सिस्टरांनाही मी बोल लावत नाही. रात्री एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड, सलाईनी, इंजेक्शनं, रजिस्टर. भंडाऱ्याच्या त्या सिस्टर हे सगळं सांभाळून शिकवत होत्या, तो त्यांचा स्वभाव. व्यवस्था स्वभावावर किती दिवस चालवायची? आणि बऱ्याच लहान खासगी नर्सिंग होममध्ये रात्री असते ती एखादी मुलगी, जिला हे कुणी शिकवलेलंच नसतं. ती बिचारी बाटली देणार नाही तर काय करणार?

घरचं वेगळंच. मे महिना, पारा ४५ च्या आसपास, आणि आमच्याकडे बाळंतिणीला शेक! खाटेखाली शेगडी, खिडक्या बंद, कानाला फडकं, आणि प्यायला पाणी मोजून, तेही कोमट. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू, सुंठ-गूळ याबद्दल माझी काही तक्रार नाही, सासूबाईंच्या हातची खीर मी आजही मागून खाते. पण पाजणाऱ्या बाईला नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी तोडायचं म्हणजे कठीणच. आणि गंमत अशी की जिला पाणी हवं तिला नाही, आणि ज्याला नको त्याला देण्यासाठी सगळं घर चमचा घेऊन तयार. ‘घसा सुकला असन लेकराचा, काहून रडते मग?’ आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा महिन्यांपर्यंत, उन्हाळ्यातसुद्धा, वेगळं पाणी लागत नाही. पाण्यानं पोट भरलं की ते दूध कमी पितं, आणि पाणी खराब असेल तर जुलाब. उन्हाळ्यात जास्त वेळा पाजायचं, एवढाच इलाज.

हे मी सांगून सासूबाईंना पटलं असतं का? नाही. त्यांना पटवलं दोरीवरच्या लंगोटांनी. सिस्टरांनी जाताना सांगितलं होतं, पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील, तर दूध पुरतंय. सासूबाई संध्याकाळी गॅलरीत लंगोट काढताना मोजायला लागल्या. आठवड्यात त्यांचा चमचा गेला. आता गल्लीतल्या प्रत्येक बाळंतिणीला त्या आधी ‘लंगोट किती?’ विचारतात. (मध-सोनं चाटवायचं मात्र मामेसासऱ्यांनी सोडलं नसतं, ते मी डॉक्टरांच्या तोंडून बंद करवलं. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम, म्हणजे जिवावर बेतणारी विषबाधा, होऊ शकतो. थोरामोठ्यांसमोर डॉक्टरांचा एक शब्द आपल्या शंभराला भारी.)

इथे एक सांगायलाच हवं. माझ्या जाऊबाईंना खरंच दूध कमी आलं. बाळंतपणात रक्त फार गेलं होतं, त्यात थायरॉइड. पकड, रात्रीचं पाजणं, सगळं करून झालं. त्यांचा मुलगा पावडरीवर वाढला, आज धडधाकट आहे, पायात चाकं असल्यासारखा पळतो. पण ‘अमृत’वालं पान आलं की त्या पेपर घडी करून ठेवतात. पावडर वाईट नाही, तिची गरज असते तेव्हा ती जीव वाचवते. ज्यांना गरज नाही त्यांच्या गळ्यात ती पहिल्याच रात्री, न विचारता बांधली जाते, माझं भांडण त्याच्याशी आहे.

नोकरीचं थोडक्यात लिहिते. २०१७ पासून कायद्यानं २६ आठवड्यांची रजा मिळते, छान आहे. पण त्यातले आठ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात, सक्ती नसली तरी बऱ्याचजणींना ते घ्यावे लागतात. मग बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत बाई कामावर. पाळणाघराची सक्ती पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी. आम्ही पंधरा. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुटी मिळते, पण बाळ घरी मानेवाड्याला आणि मी महालात, तर सुटी घेऊन पाजू कुणाला? सासऱ्यांनी तोड काढली. दुपारी ते स्कूटी काढतात, मागे सासूबाई बाळाला दुपट्यात घेऊन. आमचे मॅनेजर भले गृहस्थ, लाजून त्यांनी काही विचारलं नाही, जुन्या खातेवह्यांच्या खोलीची किल्ली मात्र गुपचूप माझ्या टेबलावर ठेवली. ऊन फार असेल त्या दिवशी ते येत नाहीत, मग त्याच खोलीत दूध काढून झाकणाच्या डब्यात, डबा बर्फाच्या पिशवीत. साधारण २५ अंशांपर्यंत काढलेलं दूध चार तास टिकतं म्हणतात. नागपुरात मार्च ते जून २५ अंश कुठे मिळतात ते कुणी सांगावं.

काउंटरवर कुणाचं तान्हं रडलं की नोटा मोजता मोजता मला पान्हा फुटतो. ओढणी कायम दोन पदरी. ग्राहक म्हणतात, ‘मॅडम, पुन्हा मोजा.’ मी पुन्हा मोजते.

बाहेर तर विचारूच नका. एकदा इतवारीत कापड घ्यायला गेलो आणि धाकट्यानं भोकाड पसरलं. दुकानदारानं गादीवरून उठून मागच्या गोदामाचा पडदा सरकवला, ‘वहिनी, इथं निवांत बसा,’ आणि पोऱ्याला बाहेर पाठवलं. असा माणूस दर वेळी भेटत नाही. एसटी स्टँडांवर हिरकणी कक्ष आहेत, रायगडाचा कडा उतरून बाळाकडे धावलेल्या गवळणीचं नाव दिलंय. नाव चांगलंच दिलं. पण डिसेंबर २०२२ च्या हिवाळी अधिवेशनात देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन आपल्या नागपूरच्या विधानभवनात आल्या, तेव्हा कुठे तिथे हिरकणी कक्षाची सोय झाली. आणि पुढच्याच अधिवेशनात, मुंबईत, तिथल्या कक्षाच्या अवस्थेबद्दल त्यांनाच तक्रार करावी लागली. आमदारबाईंची ही गत, तर इतवारीतल्या बाईनं कुणाकडे पाहायचं? फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सार्वजनिक ठिकाणी बाळाला पाजायला जागा असावी असं बजावलंय. आपल्या बातमीदारांनी एकदा शहरातल्या बाजारांत, बसस्थानकांवर, मेट्रोच्या स्टेशनांवर फिरून पाहावं: खोली आहे का, तिला आतून कडी आहे का, पंखा चालतो का, आणि किल्ली कुणाच्या खिशात असते. ती किल्ली शोधणं हीच मोठी बातमी होईल.

आणि दवाखान्यांचं म्हणाल तर मागणी एवढीच. सरकारी असो की खासगी, जिथे बाळंतपणं होतात तिथे रात्री एक तरी सिस्टर अशी हवी, जिला बाळ अंगावर लावून देता येतं आणि जिला त्यासाठी वेळ दिलेला आहे. पहिले तीन दिवस ती प्रत्येक खाटेजवळ जाईल. वरचं दूध द्यायचं झालं तर का दिलं ते कार्डावर लिहायचं आणि आधी आईला विचारायचं. बाळंतपणाचं पॅकेज विचारताना आपण खोली एसी की साधी हे विचारतो. पोटुशा बायांनो आणि त्यांच्या आयांनो, त्याबरोबर हेही विचारा: सिझर झालं तर बाळ माझ्याजवळ कधी देणार? रात्री लावून द्यायला कोण असेल?

पत्र फार लांबलं, याची कल्पना आहे. जागेअभावी कापायचं झालं तर माझं पतसंस्थेचं पुराण खुशाल कापा, सासूबाईंची शेगडी काढलीत तर घरात शांतता राहील. पकडीचा परिच्छेद मात्र जसाच्या तसा छापा, आणि शक्य झालं तर जरा मोठ्या टायपात, म्हणजे रात्री छोट्या दिव्यात वाचता येईल.

आपली,
एक नियमित वाचक, मानेवाडा, नागपूर
(कृपया नाव छापू नये. काउंटरवर रोज दीडशे माणसं येतात.)